परदेशात टूरमध्ये एक दिवस निवांत फिरायला आणि बाहेर खायला काढायचा आहे, सोबत सत्तरीची आई आहे. कसं जमवावं?

त्या दिवशी ग्रुप सोडा. टूर मॅनेजर कुरकुर करेल, 'आमची जबाबदारी नाही' असं लिहून मागेल. द्या लिहून. आणि 'आईला तिकडचं खाणं सोसणार नाही' असं घरात जो कोणी म्हणत असेल त्याचं आधी ऐकणं बंद करा. आमच्याकडे हे वाक्य दादाचं होतं.

मी मालवणची, घरचीच खानावळ चालवते. इथे येणारे पाहुणे सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी तारकर्लीला स्कुबा, संध्याकाळी रॉक गार्डन असे धावतात आणि रात्री ताजी सुरमई तयार असताना पनीर मागतात. मासे खाणारी माणसंसुद्धा! मला त्याचा फार राग येतो. म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमची टूर मलेशियाची होती. दादाच्या आग्रहाखातर आपल्याच लोकांची कंपनी घेतली होती, कारण तिथे दोन्ही वेळा वरणभात मिळतो. पेनांग बेटावर जॉर्ज टाउनला पोचेपर्यंत आईचे पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशीच्या यादीत पेनांग हिलची १९२३ पासून चालणारी डोंगरावरची रेल्वे, मग देऊळ, मग चॉकलेटचं दुकान, मग आणखी एक दुकान. मी सांगितलं, आम्ही दोघी येत नाही.

सकाळी उशिरा चौरस्ता मार्केटला गेलो. आई देवगडची, सगळा जन्म मासळीबाजारात भाव करण्यात गेलेला. ती सरळ बांगड्याच्या टोपलीशी थांबली आणि एकाचा कल्ला उचलून बघितला. विकणाऱ्या बाईने तो काढून घेतला आणि बर्फाखालचा दुसरा पुढे केला. आईने मान हलवली. तिला माल पटला होता. बाजारातच जायफळाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. आमच्या वाडीत माडा-पोफळीत जायफळ आहे. बी आणि जायपत्री विकली जाते, वरचा गर बराचसा झाडाखाली कुजतो. तिथे त्याच गराचं लोणचं घालतात, सरबत करतात, सरबतात खारवलेलं सुकं आलुबुखार टाकतात. आई एक बरणी धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, मीठ किती घालतात ते विचार.

दुपारी हॉटेलात येऊन झोपलो. तुम्हीही झोपा. भर दुपारी त्या दमट उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला फिरवणं हा शुद्ध छळ आहे.

चार वाजता टॅक्सीने एअर इतामला गेलो. तिथे टेकडीवर केक लोक सी हे बौद्ध देऊळ आहे. त्याचा १९३० साली पुरा झालेला सात मजली मनोरा खाली चिनी, मध्ये थाई आणि माथ्याला ब्रह्मी घडणीचा. तो खालूनच बघितला, पायऱ्या चढलो नाही, आणि काहीही बिघडलं नाही. मग खाली बाजारात आसाम लाक्सा मागवला. तांदळाच्या जाड शेवया, वर आंबट-तिखट रस्सा, कांदा, काकडी, पुदिना, अननसाचे तुकडे आणि चमच्यात कोळंबीची काळी घट्ट चटणी. नारळ नाही. आईने रस्सा चाखला, मग चमच्याने तळ ढवळून माशाचा चुरा वर काढला.

"गो, हो बांगडोच! आणि ह्येच्यात सोलां घातलेली दिसतत."

बांगडा होताच. आंबटपणासाठी चिंचेबरोबर कोकमाच्याच जातकुळीतल्या एका फळाच्या सुकवलेल्या चकत्या घालतात. म्हणजे आमचं बांगड्याचं तिखलंच, फक्त तिरफळांच्या जागी गवती चहाचे दांडे आणि आल्याच्या जातीतल्या झाडाचं गुलाबी फूल. आईने वाटी संपवली, शेवटचा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायली. संध्याकाळी च्यू जेटीवर, समुद्रात खांब रोवून बांधलेल्या चिनी लोकांच्या लाकडी घरांमध्ये, फळ्यांवर बसून भरती बघितली. बस्स.

रात्री दादाचा फोन, आईचे हाल करतेस म्हणून. हाल झाले ते दिवसभर रेल्वेच्या रांगेत उभ्या राहिलेल्या ग्रुपमधल्या काकूंचे, त्यांना बसमधून उतरवायला दोन माणसं लागली. गणपतीनंतर आईने घरच्या तिखल्यात अननसाची फोड टाकली तेव्हा दादाने दोनदा वाढून घेतलं. तरी अजून म्हणतो, पैसे भरले होते तर सगळं बघायला हवं होतं. सगळं म्हणजे काय? चॉकलेटचं दुकान?

तुमच्या कामाचं सांगायचं तर, खाऊगल्लीत गाडीवर ऑर्डर देऊन टेबल दाखवायचं, वाटी आली की पैसे द्यायचे. सरबत-चहावाला वेगळा असतो. सुट्टे रिंगिट जवळ ठेवा. आईची औषधं हॉटेलात नको, पर्समध्ये हवीत. कोळंबीची ॲलर्जी असेल तर लाक्सा अजिबात नको, आणि कोळंबीची चटणी तिथे भाजीतसुद्धा घालतात, तेव्हा विचारूनच खा. आई शाकाहारी असेल तर जॉर्ज टाउनच्या लिटल इंडियात केळीच्या पानावर छान जेवण मिळतं. दादाला मात्र हे कारण सांगायची सोय नाही, तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मासे खातो.