वॉशमधून चालत जाऊन जिओकॅश शोधायचा आणि दगडही गोळा करायचे, एका दिवसात जमेल का?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत लेकीकडे फिनिक्सला येताय, तर ॲरिझोनातल्याच वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइट गावाच्या बाजूला एखाद्या वॉशमधून चालत जाऊन जिओकॅश, म्हणजे कोणीतरी लपवलेला आणि जीपीएसवरून हुडकायचा डबा, शोधणं आणि दगड गोळा करणं एका दिवसात होईल का, आणि दगड उचलले म्हणून कोणी पकडणार नाही ना. होतं की, आरामात होतं, फिनिक्सहून गाडीने दोनेक तास आणि जानेवारी हा त्यासाठी अगदी बरोबर महिना. फक्त दगड परत येताना उचला, जाताना नाही. मी हे उलटं करून बसलेय म्हणून सांगते.

वॉश म्हणजे आपला कोरडा ओढाच, पण आपला ओढा निदान पावसाळाभर वाहतो, हा वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू आणि खडी. पाय रुततो, त्यामुळे दोन मैल चाललात की चार चालल्यासारखं वाटतं. काठाने पालो व्हर्दे, आयर्नवुड ही झाडं, आणि मधेच चोया नावाचं निवडुंग, त्याचा गोळा नुसता घासून गेलात तरी पायाला चिकटतो. हाताने काढायला जाऊ नका, हाताला चिकटतो. खिशात साधा कंगवा ठेवायचा, खालून घालून झटकन उडवायचा.

आता जीपीएस. लोक काय करतात, फोनवरचा बाण डब्याकडे दाखवतो त्या दिशेने सरळ काठ चढून जातात. बाण सरळ रेषेत दाखवतो, वॉश वळणं घेत जातो, तर तुम्ही आपलं वॉशमध्येच राहायचं, बाण आडवा झाला की मग वर चढायचं. शेवटच्या पंचवीस-तीस फुटांत फोन खिशात टाका, तो आता इकडेतिकडे नाचणार. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दोनच दिवसांत ओरेगनमध्ये एकाने पहिला डबा लपवला, हा खेळच त्यातून सुरू झाला, पण तरी थोडं इकडेतिकडे होतंच. डोळ्यांनी शोधायचं. मला आमचा डबा आयर्नवुडच्या बुंध्याशी सापडला, कारण तिथे सहा-सात दगड एकावर एक जरा जास्तच नीट बसलेले होते, आणि काळा तकाकीचा थर आजूबाजूच्या दगडांना वरच्या बाजूला होता, यांना खालच्या. म्हणजे कोणीतरी उलटे करून ठेवलेले. थेट हात घातला नाही, आधी काठीने सरकवले, खाली विंचू असू शकतो. आत मिलिटरीचा जुना लोखंडी डबा, झिपलॉकमध्ये वही, पेन्सिलचा तुकडा, एक प्लॅस्टिकचा डायनासोर. सही केली, डायनासोर घेतला, पाच रुपयांचं नाणं ठेवलं. घेतलंत तर तेवढ्याच किमतीचं काहीतरी ठेवायचं, खायचं नाही ठेवायचं.

गोंधळ झाला तो परतीला. जाताना दिसेल ते पोत्यात भरल्यासारखं बॅगेत भरत गेले होते, सात-आठ किलो झालेलं, आणि वॉशमधून खाली येताना सगळे काठ सारखेच दिसतात. गाडीकडे जिथून उतरलो होतो ती जागा मागे टाकून आम्ही जवळजवळ मैलभर पुढे गेलो, बोलतच होतो ना! नवऱ्याने फोन बघितला तेव्हा कळलं, मग तेवढंच मागे, पाणी संपत आलेलं, आणि अर्धे दगड तिथेच ओतले. तेव्हा निघतानाच गाडीचं लोकेशन सेव्ह करा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, रेंज नसते.

दगडांत कॅल्सेडनी नावाची गारगोटी बघा, वरून मळकट पांढरं पण थुंकी लावून उन्हात धरलं की उजेड आरपार येतो. चाकूने ओरखडा उठला तर ते नाही, कॅल्साइट असेल. लाल-पिवळा जास्पर पण मिळतो. बीएलएम, म्हणजे अमेरिकन केंद्र सरकारचं जमिनी सांभाळणारं खातं, त्याच्या जमिनीवर स्वतःपुरते थोडे उचलले तर चालतात, विकायचे नाहीत. लाकडाचा दगड झालेला असेल तर दिवसाला २५ पाउंड आणि एक तुकडा, वर्षाला २५० पाउंड. पांढरे पाइप किंवा खांब रोवलेले दिसले तर तो कोणाचा तरी मायनिंग क्लेम, म्हणजे खाणीसाठी हक्क सांगितलेली जागा, असू शकतो, तिथले घेऊ नका. जुन्या काळच्या खापऱ्या, बाणाची टोकं यांना हात लावायचा नाही. दक्षिणेला कोफा रेफ्युजमध्ये, म्हणजे अभयारण्यात, क्रिस्टल हिलपाशी स्फटिक मिळतात, पण १२ महिन्यांत १० नग किंवा १० पाउंड, जे आधी भरेल ते, तेही वरवरचे, खणायचं नाही. कॅश मात्र रेफ्युजच्या बाहेरचा निवडा, आत डबे ठेवू देत नाहीत.

जानेवारीत क्वार्ट्झसाइटला दगडांची मोठी जत्रा असते, तीही बघा. एका स्टॉलवर ॲपोफिलाइट नावाच्या हिरव्या स्फटिकाखाली ‘पुणे, इंडिया’ लिहिलेलं बघून मी उभीच राहिले, आमचं सगळं लहानपण पाषाणच्या खाणींजवळ गेलं आणि आम्ही तिथे नुसते गोटे फेकत होतो.

माणशी तीन लिटर पाणी न्या, थंडी असली तरी. लांब कुठे डोंगरात पाऊस दिसला तर वॉशमधून लगेच बाहेर, पाणी न सांगता येतं. आणि भारतात परत नेणार असाल तर दगड चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलेत तर सिक्युरिटीवाला एकेक बाहेर काढून बघत बसतो.