पटलात रुतलेले मानवी यकृतातील एन्झाइम शुद्ध केल्यावर निष्क्रिय का होते?

ई. कोलाय जीवाणूत तयार करून घेतलेले मानवी यकृतातील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे एन्झाइम आपण डिटर्जंटने (साबणासारख्या पदार्थाने) पेशीच्या पटलातून सोडवले, निकेलच्या कॉलमवर (प्रथिन धरून ठेवणाऱ्या स्तंभावर) शुद्ध केले, प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर एकच ठळक पट्टा आला आणि तरीही क्रियाशीलता शून्य मिळाली. तेव्हा ते नष्ट झाले असे समजावे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, इतक्यात तसे समजू नये. सांगलीत हळदीतील कर्क्युमिनचा याच एन्झाइमवरील परिणाम अभ्यासताना आम्हीही सुरुवातीला जेलवरच्या पट्ट्यावर विसंबून राहिलो होतो, पण त्या पट्ट्यावरून प्रथिनाची घडी शाबूत आहे की नाही हे मुळीच कळत नाही.

ते कळण्याची खात्रीची कसोटी ओमुरा आणि सातो यांनी १९६४ मध्येच मांडून ठेवली आहे. नमुन्यात सोडियम डायथायोनाइट हे क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे द्रव्य) घालून त्यातून कार्बन मोनॉक्साइड सोडावा (हा वायू विषारी आहे, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच करावे) आणि फरकाचा वर्णपट (वायू सोडण्याआधीच्या आणि नंतरच्या प्रकाशशोषणातला फरक) घ्यावा. शिखर ४५० नॅनोमीटरला आले तर एन्झाइम धड आहे. ते ४२० कडे सरकले असेल तर बिघडले आहे.

शिखर ४५० ला असूनही क्रिया होत नसेल, तर आपले एन्झाइम एकटे पडले आहे. यकृतात त्याला एनएडीपीएच या पेशीतील इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडून येणारे इलेक्ट्रॉन रिडक्टेज हे दुसरे प्रथिन पुरवते, आणि दोघेही एकाच पटलात असतात. लू, कून आणि सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास सशाच्या यकृतातील ही यंत्रणा तीन अंशांत वेगळी केली, आणि त्यांतला उष्णता सहन करणारा तिसरा अंश म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन हा मेदपदार्थ असल्याचे पुढे सिद्ध झाले. तेव्हा शुद्ध रिडक्टेज आणि मेद मिसळून, शक्य असल्यास सायटोक्रोम बी५ हे इलेक्ट्रॉन पुरवण्यास मदत करणारे प्रथिनही घालून, मगच क्रियाशीलता मोजावी.

शिखर ४२० ला आले, तर मात्र प्रत्येक टप्पा पुन्हा तपासावा लागेल. सर्व काम ४ अंश सेल्सिअसला आणि सुमारे २० टक्के ग्लिसरॉल असलेल्या बफरमध्ये करावे. डिटर्जंट घातल्यावर १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट) बळाने तासभर फिरवून जे निवळीत राहते तेच खरोखर विरघळले असे धरावे, कारण तळाशी बसलेल्या साक्यात गेलेले प्रथिन अजून पटलातच असते. आमची चूक पुढे झाली. कॉलमच्या माथ्यावर एन्झाइमचा तांबूस पट्टा सुरेख बसला होता. तो धुण्याच्या बफरमध्ये डिटर्जंट घालायचे राहिले, आणि नंतर इमिडाझोल (प्रथिन निकेलपासून सोडवणारे द्रव्य) कितीही वाढवले तरी पट्टा जागचा हलेना, शेवटी नळीत उतरले ते तांबडे कण. डोडेसिल माल्टोसाइड या डिटर्जंटचे मायसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) सुमारे ०.१७ मिलिमोलरच्या वर टिकतात, म्हणून ते त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात शेवटच्या बफरपर्यंत ठेवावे.

आपणही कर्क्युमिन तपासणार असाल, तर वर्णपट ते घालण्याआधीच घ्यावा, कारण त्याचे स्वतःचे शोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असते. शिवाय ते मायसेलमध्ये शिरून बसते, त्यामुळे डिटर्जंट जास्त असताना त्याचा अवरोध (एन्झाइमची क्रिया रोखण्याचा परिणाम) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.