पॅच ट्रॅकरमध्ये आहे, पण पाळी कोणाची?

प्रश्न : आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे आम्ही तिघे मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, आहोत आणि तिघेही नोकरी सांभाळून हे काम करतो. पॅच, म्हणजे इतरांनी सुचवलेले कोडमधले बदल, आमच्यापैकी कोणाच्याही ईमेलवर येतात आणि त्यांतले काही तसेच राहून जातात. यापुढे सगळे पॅच बग ट्रॅकरमध्येच (बगांच्या, म्हणजे कोडमधल्या दोषांच्या, नोंदी ठेवण्याच्या प्रणालीत) घ्यावेत, असा विचार आहे. पण त्यामुळे खऱ्या बगांच्या नोंदी दडून जाणार नाहीत ना?

उत्तर : पॅच ट्रॅकरमध्ये जरूर घ्या. मात्र त्याची वेगळी नोंद न करता, तो ज्या बगसाठी लिहिला आहे त्याच नोंदीला जोडायचा, एवढे पथ्य पाळा. मग गर्दी होत नाही, आणि बग कोणत्या आवृत्तीत येतो, कसा घडवून पाहता येतो, आधी काय करून पाहिले, हे सगळे पॅच तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ट्रॅकरमध्ये अशा नोंदीला ‘पॅच’ हा टॅग लावतात, त्यामुळे दुरुस्ती तयार असलेले बग चटकन वेगळे काढता येतात. मी पूर्वी ज्या प्रकल्पात होतो, तेथे एकाच बगवर दोघांनी काही महिन्यांच्या अंतराने जवळजवळ सारखाच, चार ओळींचा पॅच पाठवला होता. पहिला एका मेंटेनरच्या ईमेलमध्येच पडून राहिला आणि तो पाठवणारा पुन्हा कधी आमच्याकडे फिरकला नाही, याची खंत मला अजून वाटते.

तथापि नोंदीला जोडल्याने पॅच हरवत नाही, इतकेच. तो पुढे सरकायचा तर आता पाळी कोणाची आहे, हे नोंद उघडताक्षणी कळले पाहिजे. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासाठी १९९८ मध्ये सुरू झालेल्या बगझिला या ट्रॅकरमध्ये याची फार चांगली सोय आहे : पॅच जोडणारा ‘रिव्ह्यू’ (तपासणी) या फ्लॅगपुढे, म्हणजे खुणेपुढे, प्रश्नचिन्ह निवडून तपासणाऱ्याचे नाव लिहितो, आणि तपासणारा पॅच वाचून तेथे अधिक किंवा उणे चिन्ह देतो. सुधारित पॅच जोडताना आधीचा कालबाह्य ठरवता येतो व यादीत त्याच्यावर काट मारलेली दिसते, त्यामुळे तीन अटॅचमेंटपैकी कोणती वाचायची, असा प्रश्न उरत नाही. तुमच्याकडे तिघेच असले तरी तपासणाऱ्याचे नाव लिहिणे सक्तीचे करा, कारण नाव नसलेला पॅच दुसरा पाहील असे प्रत्येकाला वाटत राहते.

ओळीओळीवर चर्चा करायला मात्र ट्रॅकर अपुरा पडतो. खुद्द मोझिलाने २०१८ मध्ये कोडचा रिव्ह्यू फॅब्रिकेटर या कोड तपासण्याच्या साधनावर नेला, पण बगांच्या नोंदी बगझिलातच ठेवल्या. तुम्हीही पुढे तसे केलेत, तर दोन्हीकडे एकमेकांचा दुवा द्यायला विसरू नका.

प्रश्न : माझ्या पॅचवर ‘चाचण्या हव्यात’ असा शेरा आला. त्या जोडून दोन महिने झाले, तरी उत्तर नाही. काय करावे?

उत्तर : तो शेरा फ्लॅगच्या रूपात असेल, तर तो अजून लागलेला आहे का, ते आधी पाहा. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या ‘ट्रॅक’ नावाच्या ट्रॅकरवर असा फ्लॅग दुरुस्तीनंतर पॅच पाठवणाऱ्यानेच काढायचा असतो. तो राहिला, तर नोंद रिव्ह्यूच्या रांगेत परत येतच नाही. दोन महिन्यांत मूळ कोड बदललेला असू शकतो, म्हणून पॅच ताज्या कोडवर लावून चाचण्या पुन्हा चालवा, आणि तो कोणत्या कमिटवर (कोडच्या कोणत्या नोंदवलेल्या अवस्थेवर) तपासला, हे नोंदीत एका ओळीत लिहा.