गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीच्या फडावर गेलेले, नऊ वर्षांचा मुलगा नि चार वर्षांची मुलगी आजीकडे, आजीला नीट दिसत नाही. कुणीतरी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन केला आणि आता गृहचौकशीचा अहवाल तुझ्या टेबलावर आहे. ‘मुलांना संस्थेत दाखल करणे योग्य राहील’ एवढं लिहिलं की फाइल सुटते. ते लिहायला तुझा हात धजत नाही, म्हणून हे पत्र.

गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे. मी हे इतक्यांदा बोलतो की लोक वैतागतात. वैतागू देत.

२०१५ चा बाल न्याय कायदा काढ आणि कलम ३ वाच. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही तत्त्वं तिथेच आहेत. कलम २(१४) मात्र जपून वाच. घर नाही, उपजीविकेचं साधन नाही, असं मूल त्यात ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. गरज असलेलं! घरातून उचलायचं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ती गरज घरीच भागेल का, हा पुढचा प्रश्न असतो आणि नेमका तोच अहवालात कुणी लिहीत नाही.

तू ते एक वाक्य लिहिलंस तर काय होईल ते सांगतो. मुलगा जाईल मुलांच्या बालगृहात. मुलगी सहा वर्षांच्या आतली, ती वेगळ्या संस्थेत. बहीणभाऊ पहिल्याच दिवशी तुटले. फडावरून आई भेटायला निघेल तर दिवसाचा रोज बुडतो आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देतं? दोन महिने ती येत नाही. मग फाइलमध्ये नोंद पडते, ‘पालक भेटीस येत नाहीत.’ पुढच्या तारखेला हीच नोंद पालकांच्या उदासीनतेचा पुरावा होते. आधी आपण अंतर पाडतो आणि मग त्याचा दोष आईच्या माथी मारतो.

आता कामाचं. गृहभेटीला सकाळी अकराला जाऊ नकोस, घरी कुणी नसतं आणि ‘मुले एकटी आढळली’ असं खरं पण फसवं वाक्य लिहिलं जातं. संध्याकाळी सातनंतर जा. चूल पेटली का, डब्यात पीठ किती, मुलं कुठे झोपतात, रात्री आजीच्या मदतीला कोण, हे बघ. ‘घर अस्वच्छ’ असं लिहायचं नाही. काय दिसलं ते लिही. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली वजनाची नोंद, शाळेची हजेरी, रेशनकार्ड, चारही कागद मागून घे. मुलाशी आजीच्या कानाआड बोल, घाई न करता. शेजारी म्हणाला बाप दारू पितो, तर ‘शेजाऱ्याच्या सांगण्यानुसार’ असंच लिही, आणि बापाला फोन लाव. फडावरही मोबाइल असतो.

आणि हो, मार दिसला, लैंगिक अत्याचाराची शंका आली, मूल उपाशी ठेवलं जातंय असं वाटलं, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव. तिथे थांबायचं नाही, मूल चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर झालंच पाहिजे. पालकांचा हक्क तिथे संपतो. पण तू कळवलेल्या घरात यातलं काहीच नाही! असं घर आणि हे घर एकाच रकान्यात बसवणारा माणूस कामचुकार आहे, दुसरा शब्द नाही.

मग शिफारस काय करायची? शाळेत विचार, हंगामी वसतिगृह चालू आहे का. मुलगा गावातच राहील, जेवण तिथे. मुलगी अंगणवाडीत, गरम आहार तिथला. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत, मूल घरीच राहावं म्हणून मिळणाऱ्या प्रायोजकत्वात, मुलामागे महिन्याला ४००० रुपये आहेत, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २२५० रुपये. कोणती बसते ते तपास आणि अर्ज अहवालासोबतच जोड. नुसती ‘योजनेचा लाभ द्यावा’ ही ओळ पुढे कुणी वाचत नाही. आजीचे डोळे तपासून घे. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया होते, अर्धी केस तिथेच सुटेल.

मला ‘पालकधार्जिणा’ म्हणतात. घाईत दिलेल्या शिफारशी आठवल्या की झोप लागत नाही. त्यातली एकही बेकायदा नव्हती, तेच बोचतं. म्हणून हट्ट करतो आणि करतच राहीन. गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे.

सामाजिक चौकशीला पंधरा दिवस आहेत, ते पूर्ण वापर. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, अंतिम निर्णयाला किमान तिघे हजर लागतात. ते तुझ्याच कागदावरून घर बघणार. निर्णय उलटा गेला तर आईला आदेशाची प्रत मिळवून दे, तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं हे सांग, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आजीचा जबाब तिच्याच बोलीत घे. अंगठा घेण्याआधी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखव, मुलगा शेजारी नसताना. अहवाल पाठवण्याआधी मला दाखवलास तर बरं.

तुझा,
दादा