आईचं मंगळसूत्र कवितेत आलं, आता काय करू?

(पत्र लांब होतं, कापून छापते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

मावशी,

मी मिरजेच्या बाजूला एका गावात हायस्कूलला मराठी शिकवते. वय ४१. दिवाळीनंतर माझा पहिला कवितासंग्रह निघाला. ३०० प्रती, निम्मा खर्च माझा. जवळजवळ संपल्या, चाळीसएक उरल्यात. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढू म्हणतात. खरं तर मी आनंदात असायला हवं.

संग्रहात माझे बाबा आहेत. ते प्यायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. दादा म्हणतो, घराची लक्तरं वेशीवर टांगलीस, उरलेल्या प्रती उचलून आण. आत्याने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही. एका ज्येष्ठ समीक्षकांनी लिहिलं, ही कविता नाही, डायरी आहे. ‘तो’ नावाच्या कवितेतला तो कोण, यावर आमच्या स्टाफरूममध्ये पैजा लागल्यात. तो कुणीच नाही हो, मनाने रचलाय. मिस्टरांना त्यांच्या मित्रांनीही विचारलं. ते हसले, पण त्या दिवसापासून घरी आले की टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात. संग्रह त्यांनाच अर्पण केलाय, पण कविता त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या त्या प्रकाशनाच्या दिवशी, पहिल्या रांगेत बसून.

दुसरीकडे अनोळखी बायकांचे फोन येतात. मागच्या पानावर माझा नंबर आहे. परवा रात्री साडेदहाला एक बाई तासभर रडली. तिचं नावही सांगितलं नाही. मला काय बोलावं सुचेना.

आई काहीच बोलत नाही. एकदाच म्हणाली, “माझं मंगळसूत्र कशाला घातलंस त्यात?” आणि भाकऱ्या थापायला गेली. नेमकी तीच कविता सगळ्यांना सर्वांत आवडते.

मावशी, पुस्तक मागे घेऊ का?

(सोबत संग्रहाची प्रत पाठवते आहे. अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल.)

*

अगं,

तुझ्या मूळ पत्रात दादाला अख्खं पान मिळालंय, समीक्षकांना पाऊण, आणि आईला दोन ओळी. मी उत्तर उलट्या मापाने देणार आहे. पण आधी बारीकसारीक उरकून घेऊ.

पहिलं काम म्हणजे तो नंबर काढ. आपल्याकडे कवितासंग्रहाच्या पाठीवर घरचा पत्ता आणि मोबाइल छापायची रीत पडली, कारण पुस्तकं खपवायची कवीनेच असतात. पावसावरच्या कविता असतील तर फार तर कुणी आपली कविता ऐकवायला फोन करतो. पण घरातल्या दारूवर लिहिलेल्या पुस्तकावर नंबर दिसला, की वाचणाऱ्या बाईला तो मदतीचाच नंबर वाटतो. दुसऱ्या आवृत्तीत ईमेल टाक, नाहीतर प्रकाशकाचा पत्ता. तोवर रात्री नऊनंतर अनोळखी फोन घेऊ नकोस. सकाळी एक मेसेज टाक, की दुपारी अमुक वेळेला बोलू शकते. चालेल तेवढं.

आणि फोन घेतलास तर काय बोलायचं? फारसं काही नाही. ऐक, पंधरा-वीस मिनिटं. “सोडून दे त्याला” नको, “सहन कर” तर नकोच. नवऱ्याचं किंवा मुलाचं पिणं हा विषय असेल, तर अल-अनॉनचं नाव सांग. व्यसनी माणसाच्या घरच्या लोकांचे हे गट आहेत, तिथे पैसे भरावे लागत नाहीत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथेही पेशंटबरोबर घरच्यांशी बोलतात. मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन, १८१. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. हे नंबर लिहून फोनशेजारी ठेव. तू मराठीची बाई आहेस, समुपदेशक नाहीस, आणि ते तिला सांगायला लाजू नकोस.

पण एक बघितलंस का? त्या तासभर रडणाऱ्या बाईने तुझ्या कवितेला एकदाही छान म्हटलं नाही. ती तिचंच सांगत राहिली. तुला जे भरभरून मेसेज आलेत, ‘भावस्पर्शी’, ‘अंतर्मुख करणारा संग्रह’, ‘लिहीत राहा’, खाली हात जोडलेले, त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलंही नसणार. मुखपृष्ठाचा फोटो बघूनच लिहिलंय ते. त्यांना उलट हात जोडून पाठव आणि विसर. या बाईने मात्र वाचलंय.

आता समीक्षक. मी तुझा संग्रह वाचला, म्हणून बोलते: ते निम्मे बरोबर आहेत. पहिल्या दोन भागांना डायरी म्हणणं हा आळस आहे. सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या बाबांच्या डब्यावरची कविता डायरीत लिहून होत नाही, तिला घडवावं लागतं आणि तू घडवली आहेस. पण शेवटच्या भागात, जिथे शीर्षकाच्या जागी तारखा आहेत, तिथे तू खरं सांगण्याच्या भरात ओळींकडे बघितलेलं नाहीस. रडू खरं आहे गं, ओळ सैल आहे. दुसऱ्या आवृत्तीआधी त्या आठ-दहा कविता घेऊन एक रविवार बस. समीक्षकांना उत्तर लिहू नकोस. वर्तमानपत्राला तर अजिबात नको.

‘तो’ कोण, याला तुझ्याकडे काही इलाज नाही. कवयित्री इंदिरा संतांचं बघ ना. पहिला संग्रह नवऱ्याबरोबर जोडीने काढलेला, ‘सहवास’. मग १९४६ साली ना. मा. संत गेले. १९५१ साली इंदिराबाईंचा स्वतःचा ‘शेला’ आला, आणि त्यानंतर जन्मभर त्यांच्या कवितेत कुठे ‘तू’ दिसला की वाचकांनी तिथे गेलेला नवरा शोधला. झाड, पाऊस, संध्याकाळ, कशावरही लिहिलं तरी. बेळगावातली ती शांत बाई कुणाकुणाला समजावत बसणार होती? तूही बसू नकोस. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं तर “तुम्हीच ओळखा” म्हण आणि वह्या तपासायला घे. आठवी-ब च्या निकालानंतर पैजा आपोआप मिटतील.

मिस्टरांचं वेगळं आहे. त्यांच्या रागाचं कारण ‘तो’ आहे असं तू धरून चालली आहेस. मला नाही वाटत. बायकोच्या लहानपणी काय काय झालं हे त्या माणसाला शंभर लोकांबरोबर, हार-तुरे आणि चहा-वड्याच्या मध्ये कळलं. पहिल्या रांगेत बसून चेहरा सरळ ठेवावा लागला. वर पुस्तक त्यांनाच अर्पण! अर्पण करण्याआधी वाचायला द्यायचं राहून गेलं, एवढंच त्यांच्याशी बोल. टीव्ही बंद करून बोल, रिमोट तू उचल.

दादाचं. घराबद्दल लिहू नये, हा मुद्दा मला मान्य नाही आणि मराठीलाही कधी मान्य नव्हता. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, १९३४ साली यायला लागलं. त्यात सासऱ्यांचा जाच आहे, नवऱ्याचा, रेव्हरंड टिळकांचा, तापटपणा आहे, हातात पैसा न टिकवण्याची त्यांची खोड आहे, सगळं आहे. टिळक जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती. त्यांची अब्रू गेली असं कुणी म्हटल्याचं मला माहीत नाही. उलट ते माणूस म्हणून आपल्याला जवळचे वाटतात ते त्या पुस्तकामुळे. तुझे बाबा काय होते ते गल्लीला पाठ होतं, तुझ्या पुस्तकाने नवी बातमी दिलेली नाही. प्रती उचलून आणू नकोस. चाळीस प्रती मागे घेतल्या तर चारशे जण विचारतील का घेतल्या.

तरी दादावर चिडण्याआधी स्वतःच्या संग्रहाचं पान ३१ काढ. शाळेच्या गणवेशात गुत्त्याबाहेर बाबांच्या चपला हातात घेऊन उभा असलेला मुलगा कोण आहे? कवितेत तू त्याला “मोठा” म्हटलंयस, पण तेव्हा तो किती वर्षांचा असेल, बारा? तो बोलतोय घराच्या अब्रूचं. मला तो त्या मुलाचं बोलत असावा असं वाटतं. विचारून बघ. माझं चुकत असेल तर सोडून दे.

आता आई.

ती कविता उत्तमच आहे. खरं मंगळसूत्र सोनाराकडे गहाण, तुमच्या फीसाठी. गळ्यात खोटं. घामाने वाट्या काळ्या पडतात म्हणून सगळे झोपले की मोरीत बसून चिंच लावून ती वाट्या घासते, आणि गोधडीच्या फटीतून एक मुलगी बघते. सकाळी हळदीकुंकवाच्या वेळी वाट्या चकचकीत. लोकांना ही कविता का आवडते ते सांगायला समीक्षक नको.

पण आई काय म्हणाली ते परत वाच. “बाबांचं कशाला लिहिलंस” असं म्हणाली नाही. मार लिहिलास, उपासाचे दिवस लिहिलेस, त्याबद्दल एक शब्द नाही. कारण त्यातलं काहीच झाकलेलं नव्हतं. तिच्या बहिणींना ठाऊक होतं, जावेला होतं, किराणावाल्याला होतं. दारूची लाज बाबांची होती, तिने फक्त सोसली. मंगळसूत्राची गोष्ट वेगळी. ती तिची स्वतःची युक्ती होती. इतक्या वर्षांत बहिणींना कळू दिली नाही, तुझ्या मावश्या तिच्या गळ्याकडे बघून “निदान सोनं तरी टिकवलंस हो” म्हणत असतील आणि ती मान हलवत असेल. सगळं घर उघडं पडलेलं असताना एवढी एकच गोष्ट तिने स्वतःच्या हिमतीवर झाकून ठेवली होती, आणि तीच तू छापलीस. तुला ती कुणी सांगितली नव्हती. तू बघितलीस, ती लपवत असताना.

माझी कविता, माझं बालपण, माझा हक्क, हे सगळं तू दादाला ऐकव. तिथे ते बरोबर आहे. आईपुढे त्यातलं काही काढू नकोस. ती तुझी वाचक नाही. बाकीच्यांच्या अभिप्रायांच्या ढिगात तिचं वाक्य ठेवलंस म्हणून ते दोन ओळींचं झालं.

दादा घरात नसेल अशा दिवशी जा. पेपरातलं कात्रण नेऊ नकोस. “सगळ्यांना तीच कविता आवडली” हे तर जिभेवर येऊ देऊ नकोस, तिच्यासाठी त्याचा अर्थ सगळ्यांना कळलं एवढाच आहे. आधी विचार, तुला कोण काय म्हणालं? मला वाटतं, एखाद्या मावशीने “खरंच का गं?” असं विचारलं असणार. ती सांगेल किंवा सांगणार नाही. मग म्हण, तुला न विचारता छापलं, चुकलं माझं. पुढे ‘पण’ लावू नकोस. “तुला वाईट वाटलं असेल तर” हेही नको. वाटलंय, ते तुला माहीत आहे.

आणि विचार, पुढच्या आवृत्तीत ठेवू की काढू? ती बहुतेक “राहू दे आता” म्हणेल. आपल्या आया सगळ्यालाच राहू दे म्हणतात, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचार, दुसरंतिसरं काही बोलता बोलता. काढ म्हणाली तर काढ. हो, संग्रहातली सर्वांत चांगली कविता असली तरी काढ. साहित्यातली मंडळी हे वाचून मला कोपऱ्यात घेतील, घेऊ देत. त्यांच्यातल्या कुणाला त्या मावशीसमोर बसायचं नाहीये. आणि ठेव म्हणाली, मनापासून म्हणाली असं वाटलं, तर ठेव, आणि पुन्हा त्यावर कुढत बसू नकोस.

प्रकाशकांना तोवर थांबायला सांग. त्यांना घाई असेल, सगळ्यांना असते. जून उजाडला तरी काही बिघडत नाही.

कविता निघालीच, तर अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे नीट जुळव, त्या जागी दुसरी कविता घाल. पान कोरं ठेवून खाली ‘आईच्या इच्छेवरून वगळली’ असली तळटीप टाकायचा मोह होईल, कवींना होतो. टाकू नकोस, तो दुसरा बोभाटा होईल. आणि प्रस्तावनेत सरांनी त्या कवितेवर दोन परिच्छेद लिहिलेत, त्यांना छपाईला जायच्या आधी फोन कर.

तुझी,
मावशी