मशीन चांगलं चालतंय, तरी दावा होतो का?

कराडजवळच्या एका गॅरेजमालकांचं पत्र आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी दिल्लीच्या एका पुरवठादाराकडून ६८,००० रुपयांचं स्मोक मशीन घेतलं. गाडीच्या पाइपांत धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर पडतो ते पाहून गळती धरायची, असं हे यंत्र. यांना ते टर्बो डिझेल पिकअप आणि टेम्पोंसाठी हवं होतं. मशीन धूर भरपूर सोडतं, पण इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजमधली गळती काही दाखवत नाही. गाडी घाटाला लागली की ओढ पुन्हा कमी पडते, काळा धूर येतो आणि गिऱ्हाईक भांडायला दारात. पुरवठादाराने माणूस पाठवला, त्याने 'मशीन ओके' असा रिपोर्ट लिहिला आणि यांनी खाली सही केली. चौदा महिने फोनाफोनीत गेल्यावर आता विचारतात: सदोष मशीन दिलं म्हणून पूर्ण पैसे आणि वर पाच लाख भरपाई मिळेल का?

हेच पत्र पिठाच्या गिरणीबद्दल येतं, टायर चेंजरबद्दल येतं, दूध काढायच्या यंत्राबद्दलही येतं. बिल जपा, नोटीस द्या, हे पुन्हा सांगत बसत नाही.

तुमचं मशीन सदोष नाही, हे आधी मान्य करा. तुम्हीच पाठवलेल्या माहितीपत्रकात कमाल दाब १ पीएसआय (दाब मोजायचं एकक) लिहिला आहे. पेट्रोल गाडीची टाकी, कॅनिस्टर, पर्ज व्हॉल्व्ह या इंधन-वाफेच्या यंत्रणेसाठी दाब मुद्दाम एवढा कमी ठेवतात. जास्त दिला तर तपासायला घेतलेली वस्तूच निकामी व्हायची. इनटेकमधली व्हॅक्यूम गळतीही एवढ्यावर सापडते. टर्बोच्या होजमध्ये मात्र जोर लागला की पंधरा-वीस पीएसआयपर्यंत दाब चढतो आणि क्लिपखालची बारीक चीर तेव्हाच उघडते; हाच तो 'बूस्ट लीक'. एक पीएसआयवर ती मिटलेलीच राहणार. त्या कामाला जास्त दाबाचं वेगळं मशीन मिळतं. म्हणजे तुम्हाला मिळालेलं मशीन उत्तम आहे, फक्त तुमच्या कामाचं नाही. तुमच्या बाजूने जे काही आहे ते इथेच आहे, आणि तुम्ही चौदा महिने प्रत्येक मेसेजात 'डिफेक्टिव्ह, डिफेक्टिव्ह' लिहून त्यावरच बोळा फिरवत आलात.

मालविक्री अधिनियम १९३० चं कलम १६ काढा. घेणाऱ्याने वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली आणि तसला माल विकणं हाच त्याचा धंदा असेल, तर ती वस्तू त्या कामाला बऱ्यापैकी योग्य असलीच पाहिजे, ही अट करारात न लिहिताही धरली जाते. पण त्याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे. एखादी ठरावीक वस्तू तिच्या पेटंटच्या किंवा व्यापारी नावाने मागवली असेल, तर ही अट लागू होत नाही. नाव घेऊन मागितलंत, नावाप्रमाणे मिळालं, विषय संपला.

आता तुमचे कागद. तुम्ही पुरवठादाराला ईमेलने जी ऑर्डर धाडलीत, तिच्यात फक्त मॉडेल नंबर, नग एक आणि जीएसटी नंबर. कामाचा उल्लेख नाही. पुरवठादाराचा वकील हा एकच कागद पुढे करील आणि परंतुक वाचून दाखवील. तुमचं नशीब असं, की ऑर्डरच्या चार दिवस आधीचा व्हॉट्सॲप संदेश शिल्लक आहे: 'दादा, टर्बो पिकअप आणि टेम्पोचे बूस्ट लीक शोधायला मशीन पाहिजे, कुठलं घेऊ?' त्यावर पुरवठादाराचा आवाजी निरोप: हे मॉडेल घ्या, सगळ्या गाड्यांना चालतं. म्हणजे मॉडेलचं नाव तुम्ही काढलं नाही, त्याने काढलं. तुम्ही काम सांगितलंत, निवड त्याने केली. दावा उभा राहिला तर या दोन संदेशांवर राहील. ते नसते तर हे उत्तर दोन ओळींत संपलं असतं.

याला आधारही आहे, तोही मोटारीच्याच व्यवहारातला. इंग्लंडमध्ये १९२५ साली बाल्ड्री विरुद्ध मार्शल हा खटला गाजला. गिऱ्हाइकाने विक्रेत्याला सांगितलं होतं की लांबच्या सहलींना आरामशीर गाडी हवी. विक्रेत्याने बुगाटी सुचवली. गाडी आली, ती आरामशीर नव्हती. व्यापारी नावाने मागवली होती, हा बचाव कोर्टाने फेटाळला, कारण नाव विक्रेत्याच्या सल्ल्यावरून आलं होतं. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यातलं परंतुक आणि आपलं परंतुक जवळपास शब्दशः सारखं आहे. परदेशी निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नसतो, पण या मुद्द्यावर तो वजनदार आहे.

या दृष्टीने पाहिलं तर तुम्ही डोळे मिटून सही केलेला तो 'मशीन ओके' रिपोर्टही कामी येतो. दोषाची तक्रार केलीत तर तो तुमच्या गळ्यात. अयोग्यतेची केलीत तर तो पुरवठादाराचीच कबुली ठरतो, की मशीन पूर्ण क्षमतेने चालत असताना एवढंच करू शकतं. ग्राहक कायद्यातल्या 'दोष' या व्याख्येत विक्रेत्याने केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तू कमी पडणंही येतं, त्यामुळे तक्रारीत शब्द जपून घालता येतील. पण गाभा 'सांगितलेल्या कामाला अयोग्य' हाच ठेवा.

पुढची वाट इतकी साफ नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' नसतो. फक्त स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात म्हटलं, की मशीन स्वतः चालवणारा माणूस मदतीला एक-दोघे ठेवतो म्हणून ग्राहकपण गमावत नाही. मात्र त्या खटल्यातल्या लघुउद्योजकाला स्वतःला ग्राहक मानलं नव्हतं. पत्रात तुम्ही लिहिलंय 'माझं छोटं गॅरेज', आणि लेटरहेडवर दोन शाखा! दुसऱ्या शाखेत कोण बसतं, किती मिस्त्री पगारावर आहेत, मशीन कोण हाताळतं, जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलंय का, हे सगळं विचारलं जाईल. क्रेडिट घेतलं म्हणून हक्क जातोच असं नाही, पण समोरचा ते उगाळणार. भाऊ आणि दोन हेल्पर एवढंच असेल तर लढण्यासारखं आहे. सहा-सात पगारी माणसं असतील तर मी हमी देणार नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा अशासाठी, की बिलाच्या तळाशी 'न्यायकक्षा फक्त दिल्ली' असं छापलंय. ग्राहक असाल तर तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे साताऱ्यात, तक्रार चालते आणि ती छापील ओळ सहसा आड येत नाही. मशीनची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्कही नाही. ग्राहक नसाल तर दिवाणी दावा, आणि मग ती ओळ बहुधा तुम्हाला दिल्लीला नेईल. ६८,००० रुपयांसाठी दिल्लीच्या तारखा करणं परवडतं का, याचा हिशेब तुम्हीच करा.

पूर्ण पैसे परत मागण्याची वेळ बहुतेक निघून गेली आहे. माल न नाकारता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला की तो स्वीकारला असं मालविक्री अधिनियमाचं कलम ४२ धरतं. पुरवठादार माणूस पाठवत होता, म्हणून मुदत लांबली असा युक्तिवाद होईल. पण तुम्ही त्याच मशीनवर पेट्रोल गाड्या तपासून बिलं फाडत होतात, हे पत्रात स्वतःच लिहिलंय. पहिल्या आठवड्यात काम होत नाही हे कळलं तेव्हाच 'माल नाकारतो, घेऊन जा' एवढी ओळ लिहायला काय झालं होतं? स्वीकारल्यावर उरते ती नुकसानभरपाई. तीही योग्य मशीनची किंमत आणि या मशीनची किंमत यातल्या फरकाभोवती फिरेल, कारण हे मशीन भंगार नव्हे. पाच लाखांचा आकडा काढून टाका. गिऱ्हाइकं गेली म्हणता, तर कोणती, कोणत्या जॉबकार्डवरची, ते दाखवा.

ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. डिलिव्हरीपासून धरा आणि उरलेल्या दहा महिन्यांवर विसंबू नका. आयोगाने तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावी असं कायद्यात लिहिलंय. ते कायद्यातच आहे. प्रत्यक्षात सदस्याची जागा रिकामी, समोरच्याचा मुदतीचा अर्ज, मग सुट्ट्या, असं करत वर्षं जातात. म्हणून नोटिशीत पैशांबरोबर दुसरा पर्यायही ठेवा: हे मशीन परत घ्या, जास्त दाबाचं द्या, फरक आम्ही भरतो. पुरवठादार शहाणा असेल तर हे मान्य करील. केलं, तर अडून बसू नका.

तो मोबाइल विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका. मला पाठवलात तसा निरोप टाइप करून आयोगात चालणार नाही. मूळ आवाजी फाइल लागेल, आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र तिच्याबरोबर जोडायला वकिलांना आत्ताच सांगा.

जे अजून मशीन घ्यायचे आहेत त्यांनी ऑर्डरमध्येच एक वाक्य घालावं: 'टर्बो डिझेल गाड्यांचे बूस्ट लीक शोधण्यासाठी, आपल्या शिफारशीवरून.' किती दाबापर्यंत चालतं, गळतीचा प्रवाह दाखवायला फ्लोमीटर आहे का, कॉम्प्रेसरच्या हवेऐवजी नायट्रोजन जोडता येतो का, याची उत्तरंही लेखी घ्यावीत.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, की मिस्त्री म्हणतो रेग्युलेटर बदलून दाब वाढवू, तर चालेल का. अजिबात नाही. मशीन उघडलंत की हमी आणि दावा दोन्ही संपले. त्याहून वाईट म्हणजे तसं मशीन उद्या चुकून पेट्रोलच्या टाकीला लागलं, त्यात कॉम्प्रेसरची हवा गेली आणि काही पेटलं, तर गाडीमालक आणि विमा कंपनी दोघंही तुमच्याकडे येतील. पुरवठादाराकडे बोट दाखवायला तुमच्याकडे काही उरलेलं नसेल.