समुईचं मौन शिबिर : इगतपुरी करून आलेल्यांसाठी

तुम्ही विचारलंय की इगतपुरीच्या गोएंका गुरुजींच्या केंद्रातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर झालेलं आहे, आता दोघं थायलंडला चाललाय, तर समुई बेटावरच्या दीपभावन केंद्रात मौन शिबिराला बसावं का. तिथेही विपश्यनाच शिकवतात का, जेवणाचं काय, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना बरोबर न्यावं का, हेही विचारलंय.

बसा, नक्की बसा. फक्त निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इगतपुरीला शिकलेली पद्धत तेवढे दिवस पूर्णपणे बाजूला ठेवायची. बाकी सगळं जमून जातं, जुन्या साधकांचं घोडं अडतं ते इथेच.

गोएंका गुरुजींची पद्धत ब्रह्मदेशातले त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून आलेली. दीपभावनची शिकवण भिक्खू बुद्धदास यांच्या परंपरेतली. बुद्धदास (१९०६–१९९३) दक्षिण थायलंडमधल्या चैया भागातले. तिथे १९३२ साली त्यांनी सुआन मोक्ख हा अरण्यविहार सुरू केला. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं ११८ वं सुत्त, म्हणजे श्वासाच्या सजगतेवरचं आनापानसती सुत्त, हा त्यांच्या साधनेचा कणा. त्यात सोळा पायऱ्या, चार-चारच्या गटांत : काया, वेदना (दुखणं नव्हे, सुखदुःखाची जाणीव), चित्त आणि धम्म.

इगतपुरीला पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नुसता श्वास बघणं, होतं आणि चौथ्या दिवशी विपश्यना मिळते. मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत फिरायचं. समुईला श्वास शेवटपर्यंत सुटत नाही. लांब श्वास ओळखायचा, मग आखूड. श्वास बदलला की शरीरात काय बदलतं ते बघायचं, आणि मग ते शांत होत जाताना बघायचं. ही झाली पहिली चौकडी. आठवड्याभरात एवढं जरी खरोखर समजलं तरी पुष्कळ. जुन्या साधकाला मात्र दुसऱ्या दिवशीच वाटायला लागतं की 'हे तर मला येतं, पुढचं कधी?' आणि लक्ष आपोआप टाळूवर जाऊन खाली उतरायला लागतं. सवयच ती. रागावू नका, परत श्वासावर या. एका शिबिरात दोन पद्धती मिसळू नयेत, हे गोएंका गुरुजीही बजावूनच सांगत. तो नियम इथेही तसाच पाळायचा. निम्मं हे, निम्मं ते केलं तर दोन्हींतलं काहीच खोल जात नाही.

दुसरा मोठा फरक चंक्रमणाचा, म्हणजे चालत केलेल्या ध्यानाचा. इगतपुरीला चालणं म्हणजे पाय मोकळे करणं. इथे बसण्याइतकीच ती साधना आहे, आणि बैठकीनंतर चालणं, चालण्यानंतर बैठक असा क्रम दिवसभर असतो. अनवाणी, ठरावीक पट्ट्यात, सावकाश. टाच सुटली, पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं. वाटेत मुंग्यांची रांग आडवी आली तर थांबायचं. जीव न मारण्याचं पहिलं शील घेतलेलं असतं, तिच्यावर पाय देता येत नाही. रांग मोडेपर्यंत तिथेच उभं राहून श्वास बघायचा. माझ्या मते बेटावरच्या या शिबिरांतून नेण्यासारखं सगळ्यांत मोलाचं काही असेल तर हे चालणं. घरी गॅलरीतसुद्धा करता येतं.

तुमच्या घरी त्रिशरण-पंचशील म्हणत असतील तर पहाटेच्या पाठाला विशेष आनंद होईल. पाली तीच, उच्चार थाई. 'बुद्धं सरणं गच्छामि' हे 'फुत्थं सरणं खच्छामि' असं कानावर येतं. चाल नवी असते, पण दोनच दिवसांत ओठ बरोबर हलायला लागतात. जाताना वाटेत आणखी एक ओळखीचं नाव भेटेल. मुख्य भूमीवरच्या सुरत थानी शहराला १९१५ साली राजा वजिरावुध यांनी आपल्या सुरतेवरून नाव दिलं, आणि सुरत तापीकाठी म्हणून तिथल्या नदीचं नावही तापी. खान्देशातल्या माणसाला ती पाटी वाचून जे वाटतं ते मी बघितलेलं आहे.

जेवण शाकाहारी असतं. भात, भाज्या, नारळाच्या दुधातली रसभाजी. मात्र अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळायचे असल्यामुळे दुपारनंतर खायचं नाही, संध्याकाळी फक्त गरम पेय. ज्यांना उपास अंगवळणी आहेत त्यांना जड जात नाही. बाकीच्यांना पहिले दोन दिवस पोटात कालवतं आणि मग भूक वेळेवर यायला शिकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोलून, केंद्राला आधी कळवूनच जा. मनाच्या आजारावर औषध चालू असेल तर तेही लपवू नका, आणि शिबिरासाठी ते बंद तर मुळीच करू नका. सलग मौनात मन उसळतं, तेव्हा शिकवणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

समुईचा पाऊस आपल्यासारखा नाही. बेट थायलंडच्या आखातात असल्यामुळे तिथे जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यातही नोव्हेंबर सगळ्यांत ओला. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा बेत असेल तर बदला, फेब्रुवारी चांगला. उकाडा कोकणासारखाच, दुपारच्या बैठकीला डोळे मिटतातच. तेव्हा उठून उभं राहायला किंवा चालायला परवानगी असते, ती वापरा. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल सुती कपडे न्या. शिबिराची तारीख केंद्राकडून पक्की झाल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.

दोघं एकत्र जा, पण एकत्र राहाल असं समजू नका. राहणं, बसणं सगळं वेगळं. एकमेकांकडे बघून खुणा करायच्या नाहीत, चिठ्ठी द्यायची नाही. हे निघायच्या आधी घरीच बोलून घ्या. नाहीतर एक जण रडवेला दिसला की दुसऱ्याचा सगळा दिवस त्याच काळजीत जातो.

सासूबाईंना या खेपेला नेऊ नका. बैठकीला खुर्ची मागता येईल, पण अडचण बैठकीची नाहीच. केंद्र डोंगरावर आहे, चढउतार भरपूर आणि झोपायला गादी नाही. सुआन मोक्खला तर सिमेंटच्या ओट्यावर चटई आणि उशाला लाकडी ठोकळा असतो. त्यांना खरोखर इच्छा असेल तर आधी घराजवळच्या केंद्रात आनापानाच्या छोट्या सत्राची चौकशी करा. तिथे भाषा आपली, आणि मध्येच त्रास झाला तर तासाभरात घरी आणता येईल.